सावडीतला हात

माझा थोरला भाऊ संतोष रिमांड होममधून घरी आला त्या दिवशी आयने कुळथाचं पिठलं केलं होतं. आमच्याकडे पाहुणा आला तरी पिठलं, कुणी रुसलं तरी पिठलंच, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. नवल हे की तिने भरदिवसा दार आतून लावून घेतलं. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर डोंगरात आमची वाडी, मूठभर घरांची. तिथे दिवसा दार लावायची पद्धत नाही. लावलं तर शेजारची बाई हातातलं काम टाकून विचारायला येते, काय झालं गो म्हणून. त्या दिवशी कुणी आलं नाही. संतोष भिंतीला पाठ लावून बसला होता. केस बारीक कापलेले, त्यामुळे कान केवढेतरी मोठे दिसत होते. मी आठवीत होते आणि तोंडाला माझ्या तेव्हाही लगाम नव्हता. मी विचारलं, "तिकडं जेवायला काय द्यायचे रे?"

"डाळ."

"रोज?"

"रोज."

"गप गो, जेवू दे त्याला," आय म्हणाली. तो जेवला नाहीच. भाकरीचा एक तुकडा मोडून हातात धरून बसला, आणि बाहेर कुणाच्या पावलांचा आवाज झाला की दाराकडे बघायचा. पिठलं थंड होऊन त्यावर साय धरली. शेवटी मी आणि आयने ते संध्याकाळी गरम करून खाल्लं.

त्याने काय केलं होतं ते सांगून टाकते, उगाच आडपडदा नको. वाडी डोंगरावर आणि पाणी खाली ओढ्यात. सरकारने खाली पंपघर बांधून मोटार बसवली होती, तेव्हापासून बायांच्या डोक्यावरचे हंडे उतरले होते. ती मोटार संतोषने विकली. एकट्याने नाही. महाडचा विकी नावाचा एक मुलगा होता, याच्याहून वर्षभराने मोठा, त्याच्याशी याची जत्रेत ओळख झाली आणि मग हा शाळेच्या नावाखाली त्याच्याबरोबर हिंडायला लागला. वाट दाखवली संतोषने, कुलूप तोडलं विकीने, आतलं तांबं भंगारात गेलं. त्या पैशातून आमच्या येड्याने बूट घेतले. पोलीस त्याला पोलादपूरच्या शाळेतून, भर वर्गातून घेऊन गेले. मोटार गेली ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. नवी यायला पावसाळा उजाडला, आणि तोवर वाडीतल्या सगळ्या बाया पुन्हा ओढ्याची वाट चढल्या-उतरल्या. त्या वाटेवर धोंडूबाबांची बायको, काशीआजी, भरल्या हंड्यानिशी पडली आणि तिचा खुबा मोडला. त्यानंतर ती काठीशिवाय उभी राहिली नाही. धोंडूबाबा म्हणजे वाडीतलं मोठं माणूस, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. आजीला डोलीतून खाली नेत होते तेव्हा आय आमच्या दारात उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं ती पुढे कितीदा म्हणाली.

आमचा बाप मुंबईला एका गोदामावर वॉचमन होता. गणपतीत आणि शिमग्याला यायचा. संतोषचं कळल्यावर तो आलाच नाही. शेजारच्यांकडून निरोप पाठवला, की मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय. जागा काय फक्त त्यालाच पाहिजे होती? आम्ही दोघी त्याच गावात राहत होतो, त्याच वाटेने पाण्याला जात होतो. आजही मला बापाच्या त्या निरोपाचा राग येतो. तो जाऊन बरीच वर्षं झाली तरी येतो.

संतोषला सोडलं ते अटीवर. तेव्हा एका संस्थेने महाडमध्ये काम नव्यानेच सुरू केलं होतं. अशा मुलांना एकेक मार्गदर्शक नेमून द्यायचा, त्याने मुलाला परत शाळेत बसवायचं, आठवड्याला भेटायचं, घरी यायचं, आणि बाल न्याय मंडळाला कळवत राहायचं. संतोषच्या वाट्याला दळवी सर आले. निवृत्त शिक्षक, अंगाने काटकुळे, पांढरा शर्ट नेहमी खोचलेला. त्यांचं घर महाडला नदीच्या बाजूला. भिंतीवर पुरुषभर उंचीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती आणि तिच्या वरच त्यांनी सगळ्या तसबिरी लावल्या होत्या. दर रविवारी संतोष एस.टी.ने त्यांच्याकडे जायचा, कधी मीही सोबत. सर गणित शिकवायचे, त्यांची बायको पोहे द्यायची, वर ओलं खोबरं. सर त्याला कधी 'तू असं का केलंस' म्हणून विचारत नसत. एकदा मी विचारलं, तुम्ही याला ओरडत का नाही? ते म्हणाले, "बाळ, ओरडणारे पुष्कळ आहेत." त्यांच्याविषयी वाईट लिहायचं माझ्या मनात नाही. पुढे जे घडलं ते वाचून कुणी त्यांना मूर्ख ठरवू नये. त्यांच्याइतकं कुणी माझ्या भावासाठी चालत आलेलं नाही, आणि आमची चढण काही सोपी नव्हे.

शाळेत त्याला परत घेणं हेच मोठं काम होतं. पालक येऊन सांगून गेले होते की चोराच्या बाकावर आमचं पोर बसणार नाही. सर हेडमास्तरांच्या खोलीबाहेर दिवस दिवस बसले. अखेर दहावीच्या वर्गात त्याला घेतलं, पण हेडमास्तरांनी बजावलं, एक जरी खाडा झाला तर मी मंडळाला कळवणार आणि मग माझ्याकडे यायचं नाही. खाडा म्हणजे गैरहजेरी. संतोष तापातसुद्धा शाळेत गेला. शेवटच्या बाकावर एकटा बसायचा. डबा खायला तो शाळेमागच्या दगडी गडग्यापाशी जायचा, हे मला त्याच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं. घरी येऊन तो काही सांगत नसे. गुरांना वैरण टाकायचा, सरांनी दिलेली गणितं करायचा, आणि वाडीतलं कुणी वाटेत दिसलं की बांधाआड उतरायचा.

आता सावडीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच फिसकटलं. आमच्याकडे भाताची लावणी एकट्या घराने होत नाही. प्रत्येक घराने एक हात द्यायचा, असे सगळे हात मिळून आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. मजुरी नाही, उपकार नाही. ज्याचं शेत त्याने न्याहारी द्यायची. ज्या घराचा हात सावडीत आहे ते घर वाडीत आहे, इतकं साधं. त्या पावसात आमची रोपं हातभर वाढली होती आणि आम्हाला सावडीचं कुणी काही बोललं नव्हतं. आय रोज बांधावर जाऊन रोपं बघून यायची आणि चुलीपाशी बसायची. मला वाटायचं, हे बाहेर राहणं आता कायमचंच.

आणि एका संध्याकाळी धोंडूबाबा आले. आयची धांदल उडाली, तिने घोंगडी उलटीच अंथरली. बाबा बसले, चहा घेतला, पावसाचं बोलले, आमच्या गोठ्यातल्या पाड्याच्या पायाला काय झालंय ते विचारलं. संतोष आतल्या अंधारात उभा होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही. उठता उठता म्हणाले, "यंदा सावड पयली तुमच्याकडं धरू. गुरवारी. पोराला जोतावर उभा कर. मानसं येतील."

आय म्हणाली, "बाबा, म्हातारी..."

"म्हातारीच बोलली," बाबा म्हणाले, आणि गेले.

ज्याच्यामुळे आजी काठीला आली त्या पोराला तिनेच बोलावलं होतं. माफी बिफी हे शब्द आमच्याकडे वापरात नाहीत. पहिली सावड आमच्याकडे, आणि नांगर त्याच्या हातात, सगळ्या वाडीदेखत. झालं. संतोष बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला. रिमांडातून आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्याने त्याच संध्याकाळी जू काढून पुसलं, बैलांच्या गळ्याच्या सापत्या बघितल्या, बैलांच्या पाठीवर हात फिरवून आला. जेवताना म्हणाला, "आये, चिकल जमंल ना मला?" आय म्हणाली, "तुज्या बापाला जमतो, तुला काय झालं."

पण गुरुवारी शाळा होती. बुधवारी सर आले, नेहमीसारखे, छत्री मिटत. आयने आनंदाने सांगितलं, आणि सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "आई, असं चालणार नाही. त्याला शाळेत कसा घेतलाय ते मला माहीत आहे. एक खाडा पडला तर हातातलं सगळं जाईल."

"एकच दीस, सर."

"एक दिवस म्हणता म्हणता लावणी संपते आणि पोरगं शाळेतून जातं. आयुष्यभर मी हेच बघत आलोय. रविवारी करेल की तो."

"सावड रविवार बगून नाय येत, सर."

संतोष खांबापाशी उभा होता. तो म्हणाला, "सर, मी जातो सावडीला. शाळंत मला कोन बोलावत नाय. हितं बोलावलंय."

आजही ही वाक्यं जशीच्या तशी माझ्या कानात आहेत. मी आता त्याच प्रकारचं काम करते, महाडलाच, आणि नवीन कार्यकर्त्यांना शिकवायची वेळ येते तेव्हा हे सांगते. ते मान डोलवतात. पण सर तेव्हा घाबरलेले होते, मुलासाठी घाबरलेले. ते म्हणाले, "तुला परत तिकडे जायचंय का?" संतोषने मान खाली घातली. मग सरांनाच वाईट वाटलं. ते हसून म्हणाले, "असं करू. तुम्हाला माणूस हवा ना? त्याच्या जागी मी येतो. एकाला सोबत आणतो, म्हणजे दोन हात झाले." मास्तर माणूस आपल्या चिखलात उतरतो म्हणतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? आयला ते जमलं नाही. आणि बाबांना जाऊन सांगायचंही तिला सुचलं नाही. तिला वाटलं, सर येतायत म्हणजे मानच आहे.

गुरुवारी सकाळी संतोष दप्तर घेऊन उतरला तेव्हा माणसं चढत होती. वाटेत गाठ पडली असणार. डोक्यावर इरली, प्लॅस्टिकचे कागद, खांद्याला टोपल्या. लावणीच्या दिवसांत मुली घरीच असायच्या, तशी मी होते. बाबा आले, बांधावर टेकले, म्हणाले, "पोर?" आय म्हणाली, "साळंत गेला. सर येतायत त्याच्या जागी." बाबांनी धोतर वर खोचलं आणि या वयात स्वतः जोत धरलं.

सर आले ते एका मुलाला घेऊन. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या. मुलगा सडपातळ, कपाळावर केस आलेला. आयने त्याला बघितलं आणि हातातली रोपांची मूठ पाण्यात सोडली. तो विकी होता. मंडळाच्या दारात तिने त्याला पाहिलं होतं, मी नव्हतं. तोही सरांकडेच होता, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. काय बोलणार होती आय सगळ्यांसमोर? ती वाकली आणि लावायला लागली, मान वर न करता.

खरं सांगायचं तर पहिला प्रहर बरा गेला. सर दोन पावलांत बसकण मारून पडले आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "मास्तर, पाय उचला, नायतर तुमालाच लावू हितं," एकजण म्हणाली. सरही हसले. विकीला लावणी येत नव्हती पण तो शिकला, वाकडी ओळ काढून पुन्हा लावत होता. काशीआजी काठी टेकत बांधावर येऊन बसली होती, तिच्या नातवाच्या खांद्याला धरून. न्याहारीला आयने नाचणीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि टाकळ्याची भाजी आणली. विकीने पाणी मागितलं. आजीने शेजारची कळशी वाकडी करून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि म्हणाली, "कुनाचा रे तू? गुनाचा हायस."

आणि सरांचे डोळे भरून आले. ते चिखलाच्या हातांनीच उभे राहिले. मला आजही वाटतं, कुणीतरी त्यांना त्या क्षणी हाताला धरून खाली बसवायला हवं होतं. ते म्हणाले, "मंडळी, मला एक सांगायचंय. या मुलाला तुम्ही पाणी दिलंत. संतोषबरोबर ज्याने तुमची मोटार नेली, तो हाच. तो आज स्वतःहून आलाय, तुमच्या शेतात राबायला. विकी, हात जोड बाळ." विकीने हात जोडले. त्याच्या तोंडात अजून भाकरीचा घास होता.

कुणी ओरडलं नाही. पावसाची भुरभुर चालू होती, बैल शेपट्या हलवत होते. आजीने कळशीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. सगळे धोंडूबाबांकडे बघत होते. बाबा म्हणाले, "मास्तर, तुमी मोठं मानूस हाव. पन आमी आमच्या पोराला बोलावलं व्हतं." एवढंच. त्यांनी बैल सोडून आमच्या गोठ्याकडे वळवले, ओढ्यात पाय धुतले आणि आजीला धरून उठवलं. मग एकेक करून बाकीचे उठले. लावायच्या मुठी पाण्यात तशाच तरंगत राहिल्या. एक बाई जाता जाता आयला म्हणाली, "आमच्या हातनं त्याला पानी पाजून घेतलं गो, सांगितल्याबिगर." ती रागाने बोलली नाही, आणि त्यानेच आय कोलमडली. सर प्रत्येकाच्या मागे जाऊन काहीतरी समजावत होते. विकी बांधावर उकिडवा बसून राहिला. त्या पोराचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

संध्याकाळी संतोष शाळेतून आला तेव्हा खाचरात आम्ही दोघीच होतो. त्याने दप्तर बांधावर ठेवलं, चपला काढल्या आणि शाळेच्या पँटीनिशी आत उतरला. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. वाटेत कळलं असणार. अंधार पडेपर्यंत तिघांनी लावलं. रोपं अर्ध्यात राहिली ती राहिलीच, पुढे पिवळी पडली. बांधावरून चढताना तो म्हणाला, "मी असायला पायजे व्हतो, आये." आयने त्याच्या डोक्यावरून चिखलाचा हात फिरवला. मी तोंड फिरवून रडले.

आम्हाला वाळीत कुणी टाकलं नाही. तसं करता येत नाही, कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. दारावरून जाताना माणसं बोलायची, सणाला नैवेद्य घ्यायची. फक्त सावडीत त्या वर्षी आमची पाळी पुन्हा आली नाही. सर दोनदा बाबांच्या घरी जाऊन बसले, त्यांना चहा मिळाला. संतोष रोज शाळेत गेला. एकही खाडा नाही. दहावी पास झाला, बऱ्यापैकी मार्कांनी. महाडला एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला, त्याला शाल दिली, आणि सर बोलताना म्हणाले की हा मुलगा समाजात परतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आणि आय मागच्या खुर्च्यांवर होतो. दुसऱ्या दिवशी संतोष पहाटेच्या गाडीने मुंबईला बापाकडे गेला. त्याचं तिकडे बरं चाललंय, स्वतःचा टेम्पो आहे, बायको चांगली आहे. वाडीत तो राहायला म्हणून पुन्हा आला नाही. आय गेली तेव्हा आला, तिसऱ्या दिवशी परत गेला.

तो गेला त्याच पावसात धोंडूबाबा पुन्हा आमच्या दारात आले. त्यांचं वय झालं होतं, चढाने दम लागला होता. बसले नाहीत. म्हणाले, "यंदा तुमच्यातनं कोन हात?" एवढ्या उशिरा का होईना ते आले होते, आणि आता नाही म्हटलं तर पुन्हा कुणी येणार नव्हतं. आयने माझ्याकडे बघितलं. मी नववीत होते, वर्गात दुसरी यायचे. आय म्हणाली, "सुनी येल." मी दप्तर खुंटीला लावलं. लावणी झाली, मग तणाची बेणणी, मग आयच्या कमरेचं दुखणं, मग कापणी. शाळेतून कुणी विचारायला आलं नाही. माझ्या खाड्याची कुठल्या मंडळाला काळजी नव्हती. दहावीला मी पुढे कितीतरी वर्षांनी, लग्न झाल्यावर बाहेरून बसले, पण ते वेगळं.

त्या लावणीत एकदा दळवी सर आले होते. संतोषची खुशाली विचारायला आले असतील. मी सगळ्या बायांबरोबर ओळीत वाकले होते, बाबा जोतावर होते, आय माझ्या शेजारी. सर बांधावर छत्री घेऊन किती तरी वेळ उभे राहिले. वाडीने आम्हाला परत ओळीत घेतलेलं बघून त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला बघवेना. त्यांनी हाक मारली, "सुनीता, अभ्यास कसा चाललाय?"

मी मान वर करून म्हटलं, "बरा चाललाय, सर."

ते खूष होऊन उतरणीला लागले. मंगळवार होता तो, आणि शाळा केव्हाच भरली होती.